पाल्मायरा हाउस, नांदगाव

रायगड जिल्ह्यातील नांदगावला, अरबी समुद्रालगतच्या नारळाच्या वाडीत बांधलेले दुमजली लाकडी निवासस्थान. वास्तुकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने ते २००७ मध्ये पूर्ण केले. घराचे दोन लांबट भाग समोरासमोर, किंचित मागेपुढे सरकवलेले आहेत. मधल्या मोकळ्या जागेत पोहण्याचा तलाव आहे.

दोन्ही भागांच्या दर्शनी बाजू मुख्यतः ताडाच्या लाकडी पट्ट्यांनी झाकलेल्या असून घराचे नावही ताडावरूनच पडले. ताडाच्या खोडाचा गाभा मऊ असतो. टिकाऊ लाकूड मिळते ते बाहेरच्या कठीण थरातून. त्याच थरातून या पट्ट्या काढून हाताने घडवल्या आहेत. फटींतून समुद्रावरचा वारा आरपार खेळतो, ऊन गाळून आत येते आणि भर दुपारी माडांची सावलीही मदतीला असते. दमट किनाऱ्यावर हाच उपाय योग्य आहे. तिथे घाम वाळायला वारा लागतो; नुसत्या जाड भिंतींनी भागत नाही.

सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, पारंपरिक पद्धतीने एकात एक बसवलेल्या सांध्यांचा आहे. जोते, फरसबंदी आणि कुंपणाच्या भिंती स्थानिक काळ्या दगडाच्या. गिलाव्याला रंग आला तो तिथल्याच वाळूने. पाणी वाडीतल्या विहिरींचे. ते गाळून उंच टाकीत साठवतात आणि तिथून ते आपल्या भाराने घरात उतरते.

या घराचे मोठेपण ते घडवण्याच्या रीतीत आहे. स्टुडिओ मुंबईत सुतार, गवंडी आणि वास्तुकार एकत्र काम करतात. रेखाटनांच्या जोडीला प्रत्यक्ष मापाचे नमुने करून पाहतात. खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात लाकूड नेहमी निगा मागते. कुजलेली पट्टी बदलू शकणारे कारागीर जवळ असणे हा टिकाऊपणाचाच भाग आहे, आणि यंत्रसामग्रीवर भर देणाऱ्या टिकाऊपणाच्या चर्चेत तो नेहमी मागे पडतो. २०१० मध्ये हे घर आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या निवडयादीत होते. त्याच वर्षी व्हेनिसच्या वास्तुकला बिएनालेत स्टुडिओने आपली कार्यशाळाच प्रदर्शन म्हणून मांडली.

मात्र हे मुंबईच्या धावपळीतून विसाव्यासाठी बांधलेले घर आहे. किनाऱ्यावरच्या वाड्यांत अशी घरे वाढत गेली, तर प्रत्येक घर कितीही विचाराने बांधले तरी गोड्या पाण्यावरचा ताण वाढतोच. समुद्राजवळच्या विहिरी फार उपसल्या की खारे पाणी आत शिरते आणि त्याची झळ शेजारच्या बागायतीलाही बसते.