कुवेतचें ताट आणि आपला समुद्र

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, बखरी, तहनामे आणि नाणीं आपल्या डोळ्यांपुढें येतात. स्वयंपाकघराची गणना ह्या साधनांत करण्याची चाल आपल्याकडे अद्याप फारशी पडलेली नाहीं. वस्तुतः राजे बदलतात, नाणीं वितळविलीं जातात, तह विस्मृतींत जातात. परंतु कालवणांत काय घालावयाचें हें आई मुलीला सांगत राहते, आणि तें पिढ्यान् पिढ्या टिकतें. कांहीं वर्षांपूर्वीं कुवेत शहरांतील एका जुन्या पद्धतीच्या भोजनगृहांत बसलों असतां हा विचार आमच्या मनांत आला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कुवेतच्या जुन्या भागांत सूक अल्-मुबारकिया नांवाची बाजारपेठ आहे. १८९६ ते १९१५ पर्यंत तेथें राज्य करणाऱ्या शेख मुबारक ह्यांचें नांव तिला मिळालें आहे. २०२२ सालच्या आगींत ह्या पेठेचा कांहीं भाग जळाला. आमची भेट त्यापूर्वींची. आमचे यजमान निवृत्त शिक्षक, वयानें आमच्याहून बरेच वडील. त्यांनीं आम्हांस जेथें नेलें तेथील मांडणी जुन्या कुवेती घरासारखी होती. खालीं बैठक, पाठीशीं लोड, आणि छताला खारफुटीच्या लांकडाचे गोल वासे. हे वासे कुवेतच्या भूमींतील नव्हेत. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, रुफिजी नदीच्या मुखाकडून, कुवेती जहाजें ते भरून आणीत. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ सालीं अशाच एका जहाजावरून ह्या सफरीस गेला होता, व तिचें वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे.

थोड्या वेळानें एक थोरलें ताट मध्यें आणून ठेवण्यांत आलें. पदार्थाचें नांव मचबूस. मांसाच्या रश्शांत शिजविलेला भात, त्यावर मांसाचे तुकडे, आणि वर कांदा, बेदाणे व डाळ परतून केलेला ‘हशू’. भाताला वाळविलेल्या लिंबाचा किंचित् कडवट असा आंबूस वास येत होता. बाजूला टोमॅटो व लसूण ह्यांचा ‘दकूस’ होता. दुसऱ्या ताटांत ‘जुबैदी’ नांवाचा मासा आला. तो पाहतांच आम्हांस हंसूं आलें. कारण तो आपल्या किनाऱ्यावरील पापलेटच! यजमान अभिमानानें म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, हें आमचें अस्सल जेवण. ह्यांत बाहेरचें कांहीं नाहीं.”

पाहुण्यानें यजमानाशीं वाद घालूं नये, हा शिष्टाचार आम्हीं पाळला. परंतु इतिहास शिकविणाऱ्याचें मन स्वस्थ बसत नाहीं. कुवेतांत तांदूळ पिकत नाहीं. तो हिंदुस्थानांतून जात असे. वेलदोडे व मिरी मलबारची, लवंग झांजीबारची, केशर इराणचें. लोणच्याला तेथें ‘अचार’ म्हणतात. आंब्याला ‘हंबा’ म्हणतात, आणि हा शब्द हिंदींतील ‘आम’पेक्षां आपल्या ‘आंब्या’ला अधिक जवळचा आहे. चौदाव्या शतकांत इब्न बतूता ह्या प्रवाशानेंही हिंदुस्थानांतील ह्या फळाचें नांव ‘अंबा’ असेंच नोंदविलें आहे. फार काय, पैशाला तेथील लोक ‘बेजात’ म्हणतात, तें आपल्या ‘पैशा’चेंच अरबी अनेकवचन होय.

ह्यांत नवल कांहींच नाहीं. १८९९ च्या करारानें शेख मुबारक ह्यांनीं आपले परराष्ट्रसंबंध इंग्रजांच्या हातीं दिले, आणि १९४७ पर्यंत हा कारभार हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. १९२३ पासून तेथें ‘कुवेत’ असा छाप मारलेलीं हिंदी टपालाचीं तिकिटें वापरीत. बाजारांत चलन रुपयाचें होतें. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळे रुपये काढले, आणि १९६१ सालीं कुवेतांत त्यांच्या जागीं दिनार आला. त्या वेळीं १३⅓ रुपयांस एक दिनार असा भाव होता.

एवढें जुळवून झाल्यावर ‘म्हणजे हें सारें आपल्याकडूनच गेलें’ असें म्हणण्याचा मोह आम्हांस झाला. वाचकांसही तो होईल. परंतु हा मोह आणि यजमानांचा अभिमान हीं एकाच चुकीचीं दोन रूपें आहेत. समुद्रावरून माल नेणारें जहाज रिकामें परत येत नाहीं. आपल्या चिंचेला अरबांनीं ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असें नांव दिलें. अपरिचित फळाला परिचित फळाच्या नात्यांत घेण्याची ही रीत मोठी गोड आहे. उलट पक्षीं त्यांचा खरा खजूर आपण कोठें नेऊन बसविला? थेट एकादशीच्या आणि महाशिवरात्रीच्या फराळांत. बसऱ्याकडचा हा खजूर भरून कुवेतचीं जहाजें मुंबई, कराची व मलबार येथें येत, आणि परत जातांना तांदूळ, मसाले व जहाजबांधणीचें सागवान नेत. मक्केकडे तोंड करून नमाज पढणाऱ्या खलाशांनीं आणलेला हा मेवा आपल्या सोंवळ्यांतील आजीबाईंनीं देवापुढें ठेविला, आणि त्यांत कोणाचाही धर्म बुडाला नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हें ताट पुरें होत नाहीं. कुवेतचें खरें भांडवल मोत्यांचें, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या तेथें होत्या. परंतु मोतीं काढणारा पाणबुड्या उन्हाळ्याचे चार महिने समुद्रांत काढी. दिवसभर बहुधा खजूर व कॉफी, आणि भात-मासळीचें जेवण सूर्यास्तानंतर. नाखव्याकडून घेतलेली उचल एका हंगामांत क्वचित् फिटे. ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसे. पुढें जपानांतील संवर्धित मोतीं बाजारांत आले आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी आली; त्या दुहेरी तडाख्यांत हा धंदा बसला. १९३८ सालीं बुरगान येथें तेल सांपडलें आणि १९४६ पासून तें परदेशीं जाऊं लागलें. तेव्हां जुन्या पद्धतीचें म्हणून आज जें भरगच्च ताट पुढें येतें तें पाणबुड्याचें ताट नव्हे. पदार्थ जुने आहेत; त्यांची विपुलता नवी आहे. ताट इतिहास सांगतें खरें, पण भूक तेवढी लपवितें. हें ओळखणें वाचकाकडे आहे.

जेवण आटोपल्यावर आम्हीं आचाऱ्याची स्तुति केली, तेव्हां यजमानांनीं त्यास बाहेर बोलाविलें. पन्नाशीचा गृहस्थ. आमचें नांव ऐकतांच मराठींत म्हणाला, “सलाम, सर. मी रत्नागिरीकडचा.”

“हा मचबूस तुम्हांला शिकविला कोणीं?” आम्हीं विचारलें.

“मालकांच्या आईनं. पहिलं वर्षभर रोज शेजारी उभ्या राहायच्या. आता त्या नाहीत. शेवटपर्यंत बाजाराचा हिशेब रुबियांतच सांगायच्या, आणि मुलं हसायचीं.”

आम्हीं हें यजमानांस इंग्रजींत सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग हात पुशीत म्हणाले, “माझे वडीलही मुंबईला जात. खजूर घेऊन. मी लहान होतों, पण सागवानाचा वास अजून आठवतो.” थोडें थांबून ते म्हणाले, “मघाशीं मी बोललों तें बरोबर नव्हतें.” बरोबर नव्हतें तें आमच्याही मनांतलें, हें आम्हीं त्यांस सांगून टाकलें.

आज कुवेतांत सुमारें दहा लक्ष भारतीय राहतात. आपण त्या देशाकडे पगाराचें ठिकाण म्हणून पाहतों, आणि तेथील अनेकांस आपण केवळ कामास आलेले लोक वाटतों. दोन्ही पक्षांची स्मृति तेलाच्या पहिल्या जहाजापासून सुरू होते. त्यापूर्वींचीं शेंकडों वर्षें कोणाच्याच हिशेबांत नाहींत. १३⅓ रुपयांचा दिनार आतां अडीचशेंहून अधिक रुपयांस पडतो. ह्या फरकानें मनें कशीं बदलतात हें अर्थशास्त्रज्ञ सांगतील. आम्ही एवढेंच सांगतों कीं, येत्या एकादशीस खजुराची बी ताटाच्या कडेला ठेवतांना वाचकांनीं तो कोणाच्या शिडानें आपल्याकडे येत असे हें एकदां घरांतील मुलांस सांगावें.