मडगार्डवरचं नाव: जुन्या सायकली, चॉपर आणि आपली लूना

आजचा भाग जुन्या सायकली जमवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांवर आहे. पण आधी एक कबुली देतो.

मागच्या दिवाळीत मी आमच्या आबांची सायकल रिस्टोर करायला घेतली. आबा म्हणजे माझे आजोबा. नगरजवळच्या आमच्या गावातून रोज पहाटे दुधाचे कॅन लावून ते शहरात यायचे, माळीवाड्यात रतीब घालायचे आणि ऊन चढायच्या आत परत. ते गेले आणि सायकल गोठ्यात कडब्यामागे पडून राहिली. मी बीटेक करून पुण्यात आयटीत. सुट्टीत आलो, सायकल बाहेर ओढली, मोबाईलवर दहा-बारा व्हिडिओ बघितले आणि स्वतःला एक्स्पर्ट समजून मडगार्ड आणि चेनकव्हर थेट सँडब्लास्टिंगला देऊन टाकले. दोन दिवसांत पावडर कोटिंग होऊन परत आले. काळेभोर, चकाचक.

आजीने मागचं मडगार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "यावर ह्यांचं नाव होतं ना रे?"

होतं. मडगार्डच्या शेवटी पांढरा पट्टा असतो बघा, त्यावर गावातल्या पेंटरने ब्रशने आबांचं नाव आणि गावाचं नाव काढलं होतं. लहानपणी मी ते शंभर वेळा वाचलं असेल. पण गंज आणि धुळीखाली ते आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. आमच्या धंद्यात याला बॅकअप न घेता डिलीट मारणं म्हणतात.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. जुनी सायकल "पहिल्यासारखी" करायची म्हणजे नेमकी कोणत्या दिवसासारखी? कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसासारखी, की शेवटचं दूध घालून घरी आली त्या दिवसासारखी?

उत्तर शोधायला आपण आधी जरा लांब जाऊ. कारण सायकल जमवण्याचा छंद ज्या गाड्यांमुळे जगभर गाजला, त्यातली एक मोठी जात अमेरिकेतली आहे. मसल सायकल.

१९६० च्या आसपास कॅलिफोर्नियातली पोरं एक उद्योग करायची. २० इंची चाकांची लहान सायकल घ्यायची, तिला मोटरसायकलसारखं उंच हँडल लावायचं आणि केळ्यासारखी लांबडी सीट बसवायची. श्विन कंपनीतल्या अल फ्रिट्झ नावाच्या माणसाच्या कानावर हे गेलं. त्याने तीच आयडिया कारखान्यात नेली आणि १९६३ मध्ये स्टिंग-रे बाजारात आली. कंपनीतल्या काहींना ती थट्टा वाटली होती. पोरांना मात्र वेड लागलं.

नंतरच्या वर्षी पॉन्टिॲक जीटीओ आली आणि अमेरिकेत दणकट इंजिनांच्या "मसल कार"चं युग सुरू झालं. सायकलींनीही तीच नक्कल उचलली. १९६८ मध्ये श्विनने क्रेट मालिका काढली: ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट, लेमन पीलर. पुढचं चाक लहान, मागचं मोठं आणि मधल्या दांड्यावर कारसारखा गिअरचा दांडका. ब्रिटनमध्ये रॅलेने १९७० मध्ये चॉपर आणली. पुढे १६ इंची चाक, मागे २० इंची, तीन गिअर. चालवायला ती काही फार चांगली नव्हती. वेगात हँडल थरथरायचं, मागे कोणी बसलं की पुढचं चाक उचलायचं. पण रॅलेची त्या वेळची घसरलेली विक्री तिने सावरली. पुढे अमेरिकेत सुरक्षेचे नियम आले, दांड्यावरचा गिअर बंद झाला, बीएमएक्स आली आणि लाट ओसरली.

मग ती पोरं मोठी झाली, हातात पैसे आले आणि त्यांनी आपलं लहानपण परत विकत घ्यायला सुरुवात केली. गॅरेज, भंगारची दुकानं, घरातल्या अडगळीच्या विक्र्या, सगळीकडे शोधाशोध. नवीन बनवलेल्या "जुन्या" सीट आणि जुन्या डिझाइनचे स्टिकर मिळू लागले. २०२३ मध्ये खुद्द रॅलेने चॉपर पुन्हा बाजारात आणली. या छंदात एक वाक्य फार चालतं: ओरिजिनल एकदाच असतं. म्हणजे रंग उडालेला असला तरी कारखान्याचा असेल तर त्याला हात लावू नका. मी हे वाक्य सँडब्लास्टिंगनंतर वाचलं. असो.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे सायकल हे पोराचं खेळणं नव्हतं, ती घरातली मालमत्ता होती. इंग्रजांच्या काळात बहुतेक सायकली इंग्लंडहून यायच्या. मग १९३९ मध्ये मुंबईत वरळीला हिंद सायकल सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टीआय, सोनीपतला ॲटलस, आसनसोलला सेन-रॅले आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. नावं वेगळी, पण आकार जवळजवळ एकच: २८ इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, जाडजूड कॅरियर. ओझं वाहणाऱ्यांसाठी पुढे डबल दांडा.

आजी सांगते, आबा दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन लावायचे. म्हणजे चाळीस किलोच्या वर दूध, शिवाय कॅनचं वजन, शिवाय सायकल. अमेरिकेत मसल सायकल होती. आपल्याकडे मसल सगळी पायडल मारणाऱ्याच्या मांडीत होती.

आणि पोरांचं काय? पोरं याच अवाढव्य सायकलवर शिकायची. सीटवर बसून पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल. माझे बाबा तसेच शिकले. नाहीतर दुकानातून तासाच्या भाड्याने लहान सायकल घ्यायची आणि वेळ संपायच्या आत धापा टाकत परत आणायची.

इथे आपल्या जिल्ह्याचा एक मजेशीर धागा येतो. चॉपर आली १९७०ला. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. फिरोदिया कुटुंब नगरचं आणि लूनाचा कारखानाही नगरचा. ५० सीसीचं इंजिन, आणि त्याला चक्क पायडल. पायडल मारून गाडी चालू करायची आणि पेट्रोल संपलं तर पायडल मारतच घरी यायचं.

बघा ना, किती उलटं आहे. तिकडे सायकलला मोटरसायकलचं सोंग दिलं, म्हणजे पोरांना मोठं झाल्यासारखं वाटेल. इकडे मोटर लावलेल्या गाडीला सायकलचं पायडल ठेवलं. मला वाटतं, आयुष्यभर सायकल चालवलेल्या माणसाला ते पायडल बघून धीर येत असणार. आमच्या बाबांनी सेकंडहँड लूना घेतली आणि दुधाचे कॅन तिच्यावर गेले. आबांची सायकल गोठ्यात गेली ती त्या वर्षी. म्हणजे नगरच्या सायकलीला रिटायर करणारी गाडीही नगरचीच. २०२४ मध्ये ती विजेवर परत आली, ई-लूना म्हणून. सायकल तशी परत आली नाही. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

म्हणून आता आपल्याकडेही जमवणारे तयार झालेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. नुसत्या सायकली नाहीत. जुने दिवे, पंप, घंट्या, दुरुस्तीची हत्यारंसुद्धा. तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल आहे, जी मधून घडी करून सैनिकांबरोबर विमानातून खाली उतरवायचे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरलात तर डायनॅमो, पितळी घंटी असले भाग शोधणारी माणसं भेटतील. आणि आपल्या नगरला जुनी यंत्रं जपणं नवीन थोडंच आहे? लष्कराचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. शाळेच्या सहलीत तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी बघून आपण तोंडात बोटं घातलीच आहेत.

पण रणगाडा सांभाळणारं लष्कर असतं. दूधवाल्याची सायकल कोण सांभाळणार? ती किलोच्या भावाने भंगारात जाते.

तर परत आबांच्या सायकलकडे. उरलेले भाग मी नगरला एका जुन्या मेकॅनिककडे नेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी रॉकेल लावून चेनव्हील घासलं आणि आतून बगळ्याची डोकी वर आली. "रॅले आहे. आसनसोलची," ते म्हणाले. मी उडालोच. घरात सगळे तिला नुसती "काळी सायकल" म्हणायचे.

मग प्रश्न आला कॅरियरचा. कॅन अडकवायला आबांनी दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या वेल्डिंग करून घेतल्या होत्या. जाड, ओबडधोबड. मी एका ओळखीच्या संग्राहकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, ग्राइंडर मारून काढ, ओरिजिनल कॅरियर मी देतो, मग चांगली किंमत येईल. त्याचं चुकीचं नव्हतं. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये त्या पट्ट्या नव्हत्याच.

मी चाचांना विचारलं. ते म्हणाले, "मला काय, कापून देतो. पण मग ही रॅले राहील, तुझ्या आबांची नाही राहणार."

पट्ट्या तशाच ठेवल्या. फ्रेमला रंग दिला नाही. फक्त धुतली आणि तेलाचा हात फिरवला. छर्रे नवीन, टायर-ट्यूब नवीन, चाकांचा आउट काढला. हँडलवर, जिथे आबांचा तळवा टेकायचा, तिथलं क्रोम गेलंय. ते तसंच आहे.

राहिलं मडगार्ड. चाचा म्हणाले, रेडियममध्ये नाव कापून लावू. मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "नको. ते अक्षर त्यांचं नव्हे." मग ते कोरंच ठेवलं. सायकलच्या इतिहासात आता माझ्या चुकीचीही एक नोंद आहे.

तुमच्या घरी, गोठ्यात, जिन्याखाली अशी एखादी सायकल असेल तर एवढं करा. पाना हातात घ्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. फडकं आणि रॉकेल घेऊन मडगार्ड आणि चेनकव्हर हळूच पुसून बघा, नाव सापडू शकतं. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तरी बराच निघतो. फ्रेमवरचा नंबर लिहून ठेवा. काढलेला जुना भाग फेकू नका, पिशवीत घालून नावासकट ठेवा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा, "हिच्यावर काय काय होतं?" मी हे शेवटी विचारलं. तुम्ही आधी विचारा.

भेटू पुढच्या भागात.