समवर्ती व वितरित आज्ञावलीलेखनाचे प्रकल्पाधारित अध्यापन

एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये ज्याची उकल मांडली तो परस्परवर्जनाचा प्रश्न, किंवा पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकामागील समांतर गणनेचे तत्त्व, केवळ व्याख्यानाने विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडत नाही; त्यासाठी प्रत्यक्ष प्रकल्पच हवा. पूर्णा नदीवरील परभणी जिल्ह्यातले येलदरी धरण व त्याखालचे, हिंगोली जिल्ह्यातले सिद्धेश्वर धरण यांचे प्रतिरूप यास सोयीचे आहे. दोन संगणकांनी दोन जलाशयांचा हिशेब राखावा. येलदरीच्या विसर्गाची वर्दी पोहोचूनही तिची पोच वाटेत गहाळ झाल्याने ती पुन्हा धाडली गेली, तरी सिद्धेश्वरच्या दप्तरी तेच पाणी दोनदा जमा होऊ नये, ही तजवीज विद्यार्थ्याने करावी. प्रत्येक वर्दीस अनुक्रमांक देण्याची युक्ती बहुधा पहिली फजिती झाल्यावरच सुचते. असे दोष लहरी असतात; एका चाचणीत दिसलेला दोष दुसरीत दडी मारतो, म्हणून परीक्षकाने संदेशांचा विलंब मुद्दाम बदलून पाहावा.