वळिवडे व बालाचडी येथील पोलिश बालके : ओळख, पालकत्व आणि हक्क

कोल्हापूरजवळील वळिवडे छावणीचा उल्लेख बहुधा आदरातिथ्याची कथा म्हणून केला जातो. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. या मुलांच्या कायदेशीर स्थितीचा प्रश्न मात्र त्या कथेत मागे पडतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला. नोव्हेंबरमध्ये तेथील रहिवाशांवर सोव्हिएत नागरिकत्व लादण्यात आले आणि १९४० पासून कुटुंबेच्या कुटुंबे सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार झाली. जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मैस्की करारान्वये त्यांच्यापैकी अनेकांची सुटका झाली व १९४२ मध्ये काही जण इराणमार्गे बाहेर पडले. जे मागे राहिले, त्यांना जानेवारी १९४३ मध्ये मॉस्कोने पुन्हा आपले नागरिक ठरविले. वाटेत आईवडील गमावलेल्या मुलाजवळ स्वतःची ओळख सिद्ध करणारे काय उरणार? लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता हाच त्याचा आधार होता.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने ती मान्यता काढून घेतली. वॉर्सातील नव्या सरकारला ही मुले परत हवी होती. त्यांची मूळ गावे तर आता सोव्हिएत हद्दीत होती. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी आणि बालाचडी छावणीचे प्रमुख फादर प्लुटा यांनी तेथील अनाथ मुलांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले व सक्तीची पाठवणी टळली. पुढे, १९४६ मध्ये बालाचडी बंद झाल्यावर, मुले वळिवड्यास आली.

ही कृती निःसंशय उदात्त होती. तथापि संरक्षण मिळाले ते बालकाचा हक्क म्हणून नव्हे, तर पालकांच्या सद्भावनेमुळे, ही बाब नजरेआड करता येत नाही. १९२४ च्या जिनिव्हा जाहीरनाम्यात अन्न, उपचार व आश्रय होते. नाव आणि राष्ट्रीयत्व नव्हते. ते १९५९ च्या जाहीरनाम्यात आले. हिरावलेली ओळख पुन्हा मिळवून देण्याचे राज्याचे कर्तव्य व बालकाचे मत ऐकण्याची तरतूद १९८९ च्या बालहक्क संहितेत (कलमे ८ व १२) झाली. भारताने १९५१ चा निर्वासित करार स्वीकारलेला नाही. ही संहिता मात्र १९९२ मध्ये स्वीकारली असून तिचे कलम २२ निर्वासित बालकांविषयीच आहे.

पोलिश कुटुंबे गेल्यावर वळिवड्याच्या त्याच बराकींत फाळणीमुळे विस्थापित झालेले सिंधी लोक राहावयास आले. तीच वसाहत आजचे गांधीनगर होय.