अल्पायुषी औषध आणि त्याचा कारागीर

शोधकर्त्याचें नांव व शोधाचें साल सांगितलें कीं शोधाचा इतिहास पुरा झाला, असें मानण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. तो शोध ज्यांच्या रोजच्या कष्टानें माणसांच्या उपयोगी पडतो, त्यांची ओळख करून घेण्याचें मात्र राहून जातें. न्यूक्लिअर मेडिसिन या वैद्यकशाखेच्या बाबतींत हेंच घडलें आहे. किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प मात्रेंत रुग्णाच्या शरीरांत घालावयाचें आणि बाहेर पडणाऱ्या किरणांवरून आंतील अवयवांचें कार्य पाहावयाचें, ही या शाखेची मुख्य रीत होय. हें द्रव्य सिद्ध करणारा, मोजणारा व त्याच्या साह्यानें चित्र घेणारा जो तंत्रज्ञ, त्याचा धंदा कसा उदयास आला हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. आमच्या मतें तो एका द्रव्याच्या अल्पायुष्यांतून जन्मास आला.

किरणोत्सर्गाचा शोध बेक्वेरेल यांनीं १८९६ सालीं लाविला आणि १८९८ मध्यें क्यूरी दांपत्यास रेडियम सांपडलें. रेडियमचें अर्धायुष्य सुमारें १६०० वर्षांचें. म्हणजे आजचा साठा निम्मा होण्यास सोळा शतकें लागावयाचीं. असें दीर्घायुषी द्रव्य शरीरांत शिरलें कीं काय होतें, याचा दाखला अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत मिळाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तेथें घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग भरण्याच्या कामावर तरुण मुली असत. कुंचल्याचें टोंक ओठांत धरून अणकुचीदार करण्यास त्यांना शिकविलें जाई. रेडियम हाडांत जाऊन बसलें, जबडे कुजले, कित्येक जणी दगावल्या. अखेर १९२८ सालीं पांच जणींच्या दाव्यांत तडजोड झाली. घड्याळाच्या उजेडाची किंमत कोणीं दिली, हें तेव्हां लोकांस कळलें.

शरीरांत जावयाचें द्रव्य लवकर विझणारें असावें, हा यांतून निघणारा धडा. बोस्टन येथील डॉ. ब्लुमगार्ट यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतच एका हाताच्या शिरेंत अल्पायुषी द्रव्य टोचून तें दुसऱ्या हातापर्यंत किती वेळांत पोहोंचतें, हें मोजलें होतें. १९३४ सालीं जोलिओ-क्यूरी दांपत्यानें कृत्रिम किरणोत्सर्गी द्रव्यें निर्माण करून दाखविलीं, आणि १९४६ पासून ओक रिज येथील अणुभट्टींतून अशीं द्रव्यें रुग्णालयांस मिळूं लागलीं. आठ दिवसांच्या अर्धायुष्याचें आयोडीन त्यांत प्रमुख होतें. थायरॉइड ग्रंथीनें तें कोठें किती शोषिलें, हें पाहण्यासाठीं मानेवरील एकेका बिंदूवर गणकयंत्र धरावयाचें, आंकडा टिपावयाचा आणि पुढच्या बिंदूस सरकावयाचें, असें हें काम चाले. १९५१ मध्यें कॅसेन यांच्या यंत्रानें हें सरकणें आपल्या अंगावर घेतलें, आणि १९५८ च्या सुमारास अँगर यांच्या गॅमा कॅमेऱ्यानें सबंध अवयव एकदम टिपण्याची सोय केली.

तथापि या धंद्यास आजचें रूप आलें तें टेक्नेशियममुळें. सेग्रे व सीबोर्ग यांनीं १९३८ सालीं ओळखलेल्या त्याच्या एका प्रकाराचें अर्धायुष्य अवघें सहा तासांचें आहे. सकाळीं आठास काढलेलें द्रव्य दुपारीं दोनास निम्में उरतें आणि रात्रीं आठास पाव! असली वस्तु कारखान्यांत करून कपाटांत कशी ठेवावी? अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेनें १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यास युक्ति काढली. सहासष्ट तासांच्या अर्धायुष्याचें मॉलिब्डेनम शिशाच्या कवचांतील नळींत बांधून ठेवावयाचें; त्यापासून टेक्नेशियम आपोआप होत राहतें, आणि मिठाचें पाणी सोडलें कीं तें धुऊन निघतें. प्रयोगशाळेंतील मंडळींनीं या जनित्रास ‘गाय’ म्हटलें, तें योग्यच झालें. कारण ती रोज दोहावी लागते आणि दूध धारोष्णच वापरावें लागतें.

गाय दाराशीं आली कीं गवळीही हवाच. रुग्ण येण्यापूर्वीं द्रव्य काढणें, त्यांत मॉलिब्डेनम उतरलें नाहीं ना हें तपासणें, हाडें, हृदय वा मूत्रपिंड यांकडे जाणाऱ्या औषधाशीं त्याचा संयोग करणें, आणि ठरल्या वेळीं किती उरेल याचा हिशेब करून मात्रा भरणें, हीं कामें तंत्रज्ञाकडे आलीं. द्रव्य लवकर विझतें म्हणून रुग्णाचें शरीर वांचतें. पण त्याच कारणानें तें रोज नव्यानें सिद्ध करावें लागतें, आणि त्याचे किरण तंत्रज्ञास रोज थोडेथोडे सोसावे लागतात. म्हणून वेळ थोडा, अंतर फार आणि मध्यें शिशाची आड, हे त्याचे तीन नियम. छातीवर किरण मोजणारा बिल्ला. परंतु टोचल्यानंतर रुग्ण स्वतःच किरणांचें उगमस्थान होतो. भ्यालेल्या म्हातारीस आधार देऊन यंत्राखालीं निजवावयाचें तर अंतर कसें राखावें? नियम व माणुसकी यांचा हा मेळ प्रत्येक तंत्रज्ञास दिवसांतून अनेकदां घालावा लागतो.

आपल्याकडेही क्रम हाच. तुर्भें येथें १९५६ सालीं ‘अप्सरा’ व १९६० सालीं ‘सायरस’ ही अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ मध्यें मुंबईस परळ भागांत रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें. अणुभट्टीमागून रुग्णालयाचा विभाग आला, आणि विभागामागून शिकलेल्या हातांची गरज. अल्पायुष्याचा दुसरा जाच २००९ सालीं जगास कळला. कॅनडांतील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडतांच दूरदूरच्या देशांतील तपासण्या खोळंबल्या. कारण ज्याचा सांठा करतां येत नाहीं त्याची तूट लागलीच जाणवते.

या शाखेची अमेरिकन संस्था १९५४ सालीं स्थापन झाली. तींत तंत्रज्ञांचा स्वतंत्र विभाग निघण्यास १९७० साल उजाडलें. पुढें आलेल्या फ्लुओरिनच्या प्रकाराचें अर्धायुष्य तर ११० मिनिटांचेंच आहे. औषध जितकें अल्पायुषी, तितकी रुग्णाची सुरक्षितता अधिक आणि कारागिराची धांवपळही अधिक. रेडियमच्या काळीं कामकरी मुलींस धोका सांगितलाच गेला नव्हता. आजचा तंत्रज्ञ तो जाणून, मोजून पत्करतो. हा फरक मोठा आहे. परंतु तो टिकावयाचा तर त्याच्या बिल्ल्यावरील आंकड्याकडे रुग्णाच्या चित्राइतक्याच काळजीनें पाहिलें गेलें पाहिजे.