तापलेली मोटार आणि तिचा धनी

ज्येष्ठाची दुपार असावी, दिल्लीचे उष्णतामान ४५ अंशांच्या घरात गेलेले असावे, आयटीओच्या चौकात मोटारींची रांग खोळंबलेली असावी आणि एखाद्या मोटारीच्या बॉनेटखालून वाफेचा लोट बाहेर पडावा, हे दृश्य दिल्लीकरांना नवे नाही. मोटारीचा मालक खाली उतरतो, तेव्हा काय बिघडले हा प्रश्न त्याला प्रथम सुचतो. या बिघाडाचा दोष कोणाचा, हा प्रश्न मागाहून येतो. या मागाहून येणाऱ्या प्रश्नाला आपल्या देशात कसकशी उत्तरे मिळत गेली, ते आज थोडक्यात पाहू.

इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा फार मोठा अंश चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. तो बाहेर टाकून द्यावा लागतो. मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मर्सिडीज मोटारीवर बसविला आणि ही अडचण पुष्कळशी सुटली. मोटार वेगात असली म्हणजे समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. ती थांबली की सारा भार पंख्यावर येतो. म्हणूनच पंख्याची खरी परीक्षा मोकळ्या रस्त्यापेक्षा महानगरातील कोंडीत होते.

उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट या दोन मोटारींनी आपले रस्ते कित्येक दशके व्यापले होते. त्यांचा पंखा रबरी पट्ट्याच्या साह्याने इंजिनाबरोबरच फिरे. इंजिन मंदावले की पंखाही मंदावे. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याचा डबा हाती घेऊन उभे राहिलेले प्रवासी ज्यांनी पाहिले असतील, त्यांना यावर अधिक सांगावयास नको. पट्टा तुटला तर तो डोळ्यांना दिसे. दिल्लीचा मालक कश्मीरी गेटच्या बाजारातून नवा पट्टा आणी आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री तो घटकाभरात चढवून देई. हा खर्च निर्मात्याने सोसावा, असे कोणाच्या मनातही येत नसे. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवून मिळालेल्या मोटारीबद्दल तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावयाची?

१९८३ च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली आणि मोटारीचे अंतरंगच पालटले. या मोटारीत इंजिन आडवे बसविलेले असल्याने पंखा विजेच्या छोट्या मोटारीवर चालू लागला. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की तो आपोआप सुरू व्हावा, अशी योजना असते. पुढे या योजनेत संवेदक, रिले आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रक यांची भर पडत गेली. यात सोय मोठी झाली, परंतु दोष मात्र दृष्टीआड गेला. पंखा बंद पडला, तर इंजिनाचे हेड वाकते आणि गॅस्केट जळते. तो अडकून बसला, तर प्रमाणाबाहेर वीज ओढून तारा तापतात आणि प्रसंगी आगही लागू शकते. असा एकच दोष हजारो मोटारींत आढळला, तर तो मालकाच्या हयगयीचा म्हणता येत नाही. मिस्त्रीला त्याच्यापुढची एक मोटार दिसते. सर्व मोटारींचा हिशेब केवळ निर्मात्यापाशी असतो.

अमेरिकेत राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ग्रंथाने खळबळ उडवून दिली आणि १९६६ मध्ये तेथे वाहन सुरक्षिततेचा कायदा झाला. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालकाला दाद मागण्याची जागा मिळाली. परंतु तेथेही ज्याची त्याने एकट्याने लढत द्यावयाची होती. २००६ मध्ये मारुतीसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, हमीपत्रानुसार निर्मात्याचे दायित्व सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्यापुरते आहे, मोटार बदलून देण्याचे नाही. २०१० मध्ये मारुतीने इंधनपंपाच्या गॅस्केटसाठी सुमारे १ लाख ए-स्टार मोटारी परत बोलाविल्या. त्याच वर्षी नॅनो मोटारींना आगी लागल्याच्या घटनांनंतर टाटा कंपनीने सुरक्षिततेसाठी जादा भाग विनामूल्य बसवून दिले, परंतु त्याला ‘रिकॉल’ म्हणण्याचे टाळले. २०१२ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची आचारसंहिता तयार केली. अखेर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम अमलात आले आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली.

म्हणजे १९८३ च्या त्या मोटारीपासून कायद्याचा हा आदेश येईपर्यंत सदतीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीही हा अधिकार सर्व मोटारींना पोहोचतो असे नाही. सात वर्षांहून जुनी मोटार या नियमांच्या कक्षेबाहेर राहते. शिवाय दोष सुरक्षिततेला किंवा पर्यावरणाला बाधक असावा लागतो. नुसते इंजिन तापून खर्चात पडलेल्या मालकाला ग्राहक आयोगाचीच पायरी चढावी लागते. करोलबागेत जुनी मोटार घेणाऱ्याची अडचण तर आणखी निराळी आहे. निर्मात्याची सूचना मूळ मालकाच्या पत्त्यावर जाऊन पडते आणि नव्या मालकाच्या कानी काहीच येत नाही. त्याने चासी क्रमांक घेऊन कंपनीकडे स्वतःच चौकशी केली, तर प्रलंबित दुरुस्ती त्यालाही विनामूल्य मिळू शकते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येला पोहोचल्या, म्हणजे हा कायदा जागा होतो. पंखा बंद पडला की मिस्त्रीच्या हाती पैसे ठेवून मोकळे होण्याची आपली सवय अॅम्बॅसेडरच्या काळातील आहे. त्या काळी ती शहाणपणाचीच होती. आज त्या सवयीने आपली मोटार चालू होते खरी, परंतु त्या दोषाची नोंद कोठेही राहत नाही आणि तोच दोष असलेली दुसऱ्या कोणाची तरी मोटार पुढच्या चौकात तापत राहते. म्हणून दुरुस्तीची पावती जपून ठेवावी आणि तक्रार लेखी करावी. त्यात आपल्या हिताबरोबर, ज्याला आपण ओळखतही नाही अशा वाटसरूचेही हित आहे.