एलईडी बल्ब घेताना फक्त ‘वॅट’ पाहून का चालत नाही?

सोलापुरात अनेकांचं घर हेच कामाचं ठिकाणही असतं. पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. शाळेचे गणवेश आणि तयार कपडे शिवणारी मशीनही कित्येक घरांत चालतात. मजुरी नगावर किंवा हजार विड्यांमागे मिळते. अशा घरात उजेड कमी पडला, तर हात मंदावतो आणि डोळे शिणतात. उलट जुने बल्ब जास्त वेळ जळत राहिले, तर कमाईतला काही भाग वीजबिलात जातो. म्हणूनच ‘कुठलाही नऊ वॅटचा द्या’ म्हणण्याआधी दोन मिनिटं खोका वाचलेला बरा.

पिवळा बल्ब आणि एलईडी : फरक किती?

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार तापून लाल-पिवळी होते आणि उजेड देते. त्यात बहुतांश वीज उष्णतेत जाते, उजेडासाठी फार थोडी उरते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या सोलापुरात, तेही पत्र्याच्या खोलीत, ही उष्णता वेगळी जाणवते.

६० वॅटच्या बल्बच्या जागी साधारण ९ वॅटचा एलईडी पुरतो. रोज ५ तास लावला, तर जुना बल्ब महिन्याला ९ युनिट खातो आणि एलईडी सुमारे १.३५ युनिट. घरात असे पाच बल्ब बदलले, तर महिन्याला ३८ युनिट वाचतात.

महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत. १०० युनिटच्या पुढे वापर गेला, की वरच्या युनिटांना बराच जास्त दर लागतो. काठावर असलेल्या घराला म्हणूनच ही बचत अधिक जाणवते.

एलईडी एवढे स्वस्त कसे झाले?

पांढऱ्या एलईडीसाठी आधी निळा प्रकाश देणारा एलईडी लागतो. तो तयार करणाऱ्या इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

भारतात ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली. ‘ईईएसएल’ या सरकारी कंपनीने एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत खाली आला. योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

खोक्यावर काय वाचायचं?

- ल्युमेन : वॅट म्हणजे वीज किती लागते आणि ल्युमेन म्हणजे उजेड किती मिळतो. ९ वॅटच्या चांगल्या बल्बमधून ९०० च्या आसपास ल्युमेन मिळायला हवेत. किंमत सारखी असेल, तर जास्त ल्युमेनचा घ्या.
- केल्विन : हा उजेडाचा रंग. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र. आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, असं नसतं.
- सीआरआय : या उजेडात रंग किती खरे दिसतात, ते यावरून कळतं. घरासाठी ८० किंवा त्याहून जास्त असावा. शिवणकाम करणाऱ्यांनी हा आकडा नक्की पाहावा. तो कमी असेल, तर गडद निळा आणि काळा दोरा ओळखताना फसगत होते.
- बीआयएस आणि स्टार : बीआयएसचं चिन्ह, नोंदणी क्रमांक आणि बीईईचं स्टार लेबल पाहा. यातलं काहीच नसलेला सुटा बल्ब स्वस्तात मिळाला, तरी टाळा.
- व्होल्टेजची मर्यादा : वीज कमी-जास्त होणाऱ्या भागात जास्त मोठ्या मर्यादेत चालणारा आणि सर्ज संरक्षण असलेला बल्ब टिकतो.

कुठल्या खोलीत कुठला?

झोपायच्या खोलीत पिवळसर उजेड बरा. रात्री उशिरापर्यंत पांढरा, प्रखर उजेड डोळ्यांवर राहिला, तर झोप लांबू शकते. स्वयंपाकघर आणि अभ्यासासाठी ४००० केल्विन सोयीचा.

विड्या वळताना किंवा शिवताना छताला एकच मोठा बल्ब लावण्यापेक्षा खोलीत साधा उजेड आणि कामावर बाजूने पडणारा छोटा दिवा, ही जोडी चांगली. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

उजेड लुकलुकतो का, हे मोबाइलवर पाहता येतं. स्लो मोशनमध्ये बल्बचा व्हिडिओ काढा. उजेड ठळकपणे कमी-जास्त होताना दिसला, तर त्या बल्बखाली तासन्‌तास काम करणं टाळा.

‘२५ हजार तास’ लिहिलेला बल्ब वर्षात का जातो?

रोज ५ तासांच्या हिशेबाने २५ हजार तास म्हणजे १३ वर्षांहून जास्त. पण हा आकडा प्रामुख्याने प्रकाश देणाऱ्या चिपचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे बल्बच्या बुडातलं छोटं सर्किट. त्याला उष्णता सोसत नाही. एलईडी खोली फारशी तापवत नाही, पण तापलेल्या खोलीचा त्रास त्याला होतो. त्यामुळे पूर्ण बंद काचेच्या डोममध्ये किंवा थेट पत्र्याला चिकटून तो लावू नका. बिल जपून ठेवा आणि दुकानदाराकडून बल्बवर तारीख लिहून घ्या, वॉरंटीत बदलून मिळायला सोपं जातं.

जुन्या सीएफएलचं काय करायचं?

सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. फुटली, तर खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा आणि तुकडे हाताने न उचलता जाड कागदाने गोळा करा.

सगळे बल्ब एलईडी झाले, पुढे काय?

आता वर पंख्याकडे पाहा. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १५ तास चालला, तर महिन्याला जवळपास ३४ युनिट लागतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला साडेतेरा पुरतात. म्हणजे एकच पंखा बदलून २० युनिट वाचतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात बिलातला पुढचा मोठा फरक तिथेच पडतो.